साक्ष आणि संहिता : कुलाब्याच्या किनाऱ्यावरील साधनांचे वाचन

मराठी इतिहासलेखनाच्या घडणीत एक वाटणी झाली. तिचा करारनामा कोणी लिहिला नाही, पण ती आजही पाळली जाते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्या मालेच्या प्रस्तावनांतून अस्सल कागदाचे माप बखरींना लावले. कालविपर्यास, नावांची सरमिसळ, फुगवलेले आकडे, अद्भुताची ओढ हे बखरींचे दोष त्यांनी इतक्या परखडपणे दाखविले की इतिहासाच्या दरबारात बखरीची खुर्चीच काढून घेतली गेली. मग तिला आसरा मिळाला तो मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात. तेथे तिचे स्वागत झाले ते जुन्या गद्याचा नमुना म्हणून. र. वि. हेरवाडकर यांच्या 'मराठी बखर' या ग्रंथात बखरीच्या ऐतिहासिक आणि वाङ्मयीन अशा दोन्ही अंगांचा विचार आहे. वर्गात उतरली ती मात्र शैली, वर्णनांचा ठसका आणि फार्सी शब्दांचे प्रमाण. पत्रे, महजर, सनदा इतिहासकारांकडे राहिल्या. परिणाम असा झाला की बखर वाचणारा ती खरी आहे काय हे विचारीत नाही आणि पत्र वाचणारा ते कसे लिहिले आहे हे विचारीत नाही.

ही वाटणी स्वाभाविक नव्हती. ग्रांट डफ याच्या १८२६ च्या इंग्रजी इतिहासाचा मराठी अवतार निघाला तो 'मराठ्यांची बखर' या नावाने. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६७ च्या सुमारास त्याच्यावर टीका केली तेव्हा तो एका बखरीची झडती घेत होता, असेच त्या काळच्या वाचकाला वाटले असणार. १८७८ मध्ये सुरू झालेल्या मासिकाचे तर नावच 'काव्येतिहास-संग्रह' असे होते, आणि काशिनाथ नारायण साने यांनी तेथे छापलेल्या बखरी काव्याच्या शेजारी बसल्याने कोणाला अवघडल्यासारखे झाले नाही. राजवाड्यांचे शिस्तीचे काम आवश्यकच होते. त्याविना पुढचा एकही पाऊल पडला नसता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. पण त्यांनी घालून दिलेली उतरंड (वर अस्सल कागद, खाली बखर, तळाशी दंतकथा) पुढे पाठ्यपुस्तकी झाली. विद्यार्थी साधनांचे वर्ग पाठ करतो आणि वर्ग कळला की विश्वसनीयता कळली असे समजतो. वा. सी. बेंद्रे यांनी १९२८ मध्येच 'साधन-चिकित्सा' या नावाने ग्रंथ लिहिला होता, तरी चिकित्सेची जागा पुष्कळदा वर्गीकरणानेच घेतली. विश्वसनीयता हा साधनाच्या अंगचा गुण मानला गेला. वस्तुतः ती प्रत्येक प्रश्नागणिक नव्याने ठरते, आणि ती ठरविण्यासाठी जे वाचनकौशल्य लागते त्याचा मोठा भाग वाङ्मयाच्या अभ्यासकाजवळ असतो, किंवा असावयास हवा.

रायगड जिल्ह्याची किनारपट्टी (१९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा) या दृष्टीने विलक्षण संपन्न आहे. थळपासून मुरूडपर्यंतच्या थोडक्या अंतरात मराठे, सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज हे चौघे एकमेकांवर नजर ठेवून होते आणि चौघेही लिहीत होते. एकाच घटनेला परस्परांचे वैरी साक्षीदार लाभावेत हे इतिहासकाराचे भाग्य. खांदेरीचे १६७९ चे प्रकरण हे त्याचे ठळक उदाहरण होय.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांच्या माणसांनी मुंबई बंदराच्या दक्षिणेस असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रजांनी बेटावर आपला हक्क सांगून जहाजे पाठविली. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालील मराठी गलबतांचा ताफा इंग्रजांवर चालून गेला. 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले, 'रिव्हेंज' हे मोठे जहाज मिंचिन आणि केग्विन यांनी टिकवून धरले आणि मराठी ताफा नागोठण्याच्या दिशेने मागे वळला. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट व्यापले. इंग्रजांनी त्या वर्षाच्या आरंभी तह केला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

हा क्रम मुख्यतः इंग्रजांच्या वखारीच्या कागदपत्रांवरून लागतो. पत्रे समकालीन आहेत, तारखांची आहेत, प्रसंगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची आहेत. राजवाड्यांच्या मापाने त्यांचे वजन सर्वाधिक. परंतु एखाद्या कथनात्मक संहितेला जे प्रश्न आपण सहज विचारतो ते या पत्रांना विचारून पाहावेत. निवेदक कोण? तो कोणाला सांगतो आहे? ऐकणाऱ्याने काय करावे अशी त्याची इच्छा आहे? मुंबई त्या वेळी सुरतेच्या प्रेसिडेंटच्या हाताखाली होती आणि कंपनीचे ते दिवस खर्चकपातीचे होते. मुंबईहून सुरतेला जाणाऱ्या पत्राला एकाच वेळी दोन कामे करायची असत : संकट इतके मोठे की जहाजे आणि पैसा हवा, आणि आपले वर्तन इतके चोख की ठपका येऊ नये. अशा पत्रातील शत्रूच्या गलबतांची संख्या ही मोजणी असते, तशीच ती मागणीही असते. 'रिव्हेंज'ने एकाकी झुंज दिली हे खरेच आहे. पण बाकीची लहान गलबते का पांगली याचे उत्तर टाळण्यासाठीही एकाकी झुंजीचे कथानक फार सोयीचे. शूर नायक, पळपुटे सोबती, अगणित शत्रू हा आकृतिबंध बखरीतही आढळतो. त्याला बखरीत आपण 'अलंकरण' म्हणतो आणि पत्रात 'वृत्तांत'.

म्हणून पत्रे टाकाऊ ठरत नाहीत. उलट, लेखकाचा हेतू ओळखला की त्या हेतूबाहेरचे तपशील उजळून निघतात. रात्रीच्या अंधारात लहान होड्या शिधा आणि दारूगोळा घेऊन बेटावर पोहोचतात आणि आपली मोठी जहाजे त्यांना अडवू शकत नाहीत, ही तक्रार पत्रलेखकाला स्वतःच्या अडचणीचे समर्थन म्हणून करायची असते. वाचकाला मात्र तीतून थळच्या किनाऱ्यावरील नावाड्यांचे भरती-ओहोटीचे आणि वाऱ्याचे ज्ञान दिसते, ज्यांच्याविषयी लिहिण्याचा कोणाचाच विचार नव्हता. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक याने इच्छेविरुद्ध साक्ष देणाऱ्या साधनांना अधिक मोल दिले ते याच कारणाने. १८ ऑक्टोबरची लढाई कोणी जिंकली, या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे अभिमानी लेखक आजवर भांडत आले आहेत. इंग्रजांच्या बाजूने लिहिणारा समुद्रावरचा तो दिवस मोजतो, मराठ्यांच्या बाजूने लिहिणारा बेटाचा अखेरचा ताबा मोजतो. साधन एकच, प्रश्न दोन. हे न ओळखता चाललेला वाद साधनांचा वादच नव्हे.

आता दुसऱ्या टोकाची संहिता घ्यावी. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७ मध्ये जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. कोकणचा किनारा तेथून शेकडो मैल दूर, आणि खांदेरीला अठरा वर्षे लोटलेली. उतरंडीप्रमाणे आरमाराच्या बाबतीत तिचे मोल कमीच लागेल. तथापि सभासद आरमाराचे दोन सुभेदार सांगतो, एक मुसलमान दर्यासारंग आणि दुसरा भंडारी मायनाईक. आणि खांदेरीवर माणसे घेऊन उतरलेला मायनाक भंडारी इंग्रजांच्या पत्रांतही भेटतो. ज्यांचा परस्परांशी कसलाच संबंध नाही, ज्यांचे हेतू सर्वस्वी भिन्न आहेत अशा दोन संहितांत एका भंडारी दर्यावर्द्याचे नाव जुळावे, याचे वजन दहा एकजातीय कागदांहून अधिक आहे. (त्या नावामागचा माणूस मात्र दोन्हीकडे एका ओळीपलीकडे सरकत नाही. आरमार लढविणाऱ्या भंडारी-कोळ्यांनी स्वतः लिहिलेला कागद नाही, ही या किनाऱ्याच्या साधनांची सर्वांत मोठी पोकळी होय.)

सभासदाच्या आकड्यांचे काय? जहाजे शेकड्यांनी, राज्याभिषेकाचा खर्च एक कोटी बेचाळीस लक्ष होन, सिंहासन बत्तीस मण सोन्याचे. हे आकडे हिशेब म्हणून तपासले की अविश्वसनीय ठरतात आणि सामान्यतः वाचन तेथेच थांबते. पण बखरीच्या रचनेकडे लक्ष दिल्यास दिसते की ती कथनाकडून हळूहळू यादीकडे सरकत जाते : किल्ले, कारखाने, जवाहीर, घोडे, हत्ती, जहाजांच्या जाती. ही यादी कोणासमोर वाचली जाणार होती? रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती गेलेला होता. जिंजीलाही वर्षानुवर्षे वेढा पडलेला होता. ज्या राजासाठी हा मजकूर लिहिला गेला त्याच्या हाती यातले फारच थोडे उरले होते. अशा वेळी वडिलांच्या राज्याची यादी करणे हा हक्क सांगण्याचा प्रकार असतो. गेलेल्या दौलतीचा तो ताळेबंद असतो. तेव्हा 'शिवाजी महाराजांजवळ किती जहाजे होती' या प्रश्नाला सभासद दुबळा साक्षीदार आहे. 'उद्ध्वस्त झालेल्या स्वराज्याला १६९७ मध्ये स्वतःचे चित्र कसे दिसत होते' या प्रश्नाला त्याच्या तोडीचा दुसरा साक्षीदार नाही, आणि या दुसऱ्या प्रश्नासाठी आकड्यांचा फुगवटा हाच पुरावा आहे. बखरीला शैलीच्या कोंडवाड्यात ठेवणाऱ्या वाङ्मयाभ्यासाने हा पुरावा वाचलाच नाही, हे त्याचे अपयश मानावे लागेल.

पत्रांतही आज्ञापत्र हा प्रकार वाचकाला चकवतो. जानेवारी १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. जंजिऱ्यासमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभा राहत होता, दर्यासारंग आणि दौलतखान तेथे सिद्दीशी झुंजत होते, आणि सुभेदाराने ऐवज व गल्ला पोहोचविला नव्हता. पत्रात त्याच्यावर हबशाला सामील झाल्याचा संशय आहे, ब्राह्मण म्हणून गय होणार नाही अशी ताकीद आहे. व्याख्यानांतून हे पत्र राजाच्या निःपक्षपातीपणाचा दाखला म्हणून येते, आणि तो अर्थ काढता येतोही. परंतु आज्ञा ही जे घडलेले नाही त्याची नोंद असते. जे आपोआप होत होते त्याविषयी कोणी खरमरीत पत्र लिहीत नाही. या दृष्टीने पाहिले की शिस्तबद्ध कारभाराचा पुरावा मानलेले हे पत्र रसदीच्या रखडपट्टीचा, दूरच्या सुभ्यावर हुकूम चालण्यातील अडचणींचा आणि समुद्रावरच्या लढाईचा खर्च जमिनीवरच्या महसुलातून वळविताना होणाऱ्या ओढाताणीचाही पुरावा ठरते. राजाची थोरवी यात उणी होत नाही. ती कोणत्या परिस्थितीत कमावली गेली हे कळते. पत्रातील क्रोधाची भाषा वाङ्मयीन म्हणून दाद देण्याजोगी आहे, आणि तिचे इतिहासमूल्यही त्या भाषेतच साठलेले आहे.

तारखांविषयी येथे एक लहानसे विषयांतर आवश्यक आहे, कारण अनेक नवशिक्यांना तारीख म्हणजे निर्विवाद वस्तुस्थिती वाटते. इंग्रज त्या काळी जुनी पंचांगपद्धती पाळीत. चौल-रेवदंड्याचा पोर्तुगीज नवी. त्यामुळे इंग्रजी पत्रातील १८ ऑक्टोबर १६७९ हा दिवस पोर्तुगीज कागदात २८ ऑक्टोबर म्हणून येणार. मराठी पत्रात तर पुष्कळदा मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा असतो, वर्ष नसतेच. असले तर ते सुहूर सन, मृगापासून सुरू होणारे. जंत्री उघडून मिती बसविणारा संशोधक पत्राच्या आशयावरून वर्ष ठरवितो आणि मग त्या वर्षावरून आशयाचा अर्थ लावतो. हे वर्तुळ टाळता येत नाही. ते आपण काढले आहे याचे भान मात्र ठेवता येते.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न उभा राहतो तो कान्होजी आंग्रे यांच्या बाबतीत, कारण तेथे साधनांचा झगडा एका शब्दावर येऊन ठेपतो. क्लेमंट डाउनिंग हा आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांत प्रत्यक्ष असलेला इंग्रज दर्यावर्दी. त्याचे पुस्तक १७३७ मध्ये लंडनला निघाले आणि त्याच्या मथळ्यातच आंग्रे हा 'चाचा' होता. १९०७ मध्ये कर्नल बिडल्फ याने आपल्या ग्रंथाच्या नावातही चाच्यांनाच स्थान दिले. दुसरीकडे मराठी परंपरा कान्होजींना 'सरखेल' या पदवीने ओळखते, १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने ते शाहूंच्या पक्षात आले हे सांगते, आणि परवान्याविना फिरणारी जहाजे धरणे हा सत्ताधीशाचा अधिकार मानते. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात या आरोपाचा परामर्श घेतला. मनोहर माळगावकरांचे इंग्रजी चरित्र पु. ल. देशपांडे यांच्या अनुवादातून मराठी घरांत पोहोचले आणि सामान्य वाचकापुरता 'चाचा' हा शब्द कायमचा पुसला गेला.

पण शब्द पुसून चिकित्सा पूर्ण होत नाही. 'चाचा' काढून 'दर्याचा राजा' लिहिले की विशेषण बदलते, वाचनाची पद्धत तीच राहते. विचारावयाचा प्रश्न असा की 'चाचा' हा शब्द वापरल्याने वापरणाऱ्याला काय साधता येत होते. चाच्याशी तह करावा लागत नाही, त्याचा परवाना मानावा लागत नाही. स्वतः परवाने विकणाऱ्या व्यापारी कंपनीला समुद्रावर दुसरा परवाना नको होता, एवढा अर्थ त्या शब्दात दडलेला आहे. म्हणजे तो कान्होजींविषयी फार थोडे सांगतो आणि कंपनीविषयी पुष्कळ.

या संदर्भात १७२४ मध्ये कान्होजी आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स यांच्यात झालेला पत्रव्यवहार फार मोलाचा. त्यातील कान्होजींचे उत्तर सर्वत्र आदराने उद्धृत होते. दुसऱ्याचे ते आपले करण्याच्या हावेतून व्यापारीही सुटलेले नाहीत, देवही एकाचे घेऊनच दुसऱ्याला देतो, खुद्द शिवाजी महाराजांनीही चार पातशहांशी झुंजूनच राज्य उभारले, असा त्याचा आशय. कान्होजींची संपूर्ण राजकीय प्रज्ञा येथे बोलते असे म्हटले जाते. तथापि सर्वांच्या तोंडी असलेली ही वाक्ये इंग्रजी आहेत. ती दुभाष्याच्या हातून गेलेली, ज्याला उत्तर दिले त्याच्याच दप्तरात राहिलेली वाक्ये आहेत. मराठी चरित्रकार ती पुन्हा मराठीत आणतो तेव्हा अठराव्या शतकातील सरखेलाच्या तोंडी विसाव्या शतकातील वक्त्याचा घोटीव बाज येतो आणि वाचक त्यालाच कान्होजींची भाषा समजतो. आशय त्यांचा असण्यास हरकत नाही. शत्रूच्या दप्तराने स्वतःला अडचणीचे ठरणारे उत्तर जपून ठेवले ही त्याच्या खरेपणाची बाजू भक्कम करणारी गोष्ट आहे. पण शैलीवरून स्वभाव काढावयाचा असेल तर येथे थांबलेच पाहिजे. आशयाला एक निकष आणि शब्दाला दुसरा, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने इतिहासकाराला सांगावयाचे असते.

याच किनाऱ्यावर अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया येथे किनाऱ्याला लागल्या, आणि बुडालेल्यांना येथेच पुरले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासात हे आगमन ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात नेले आहे. त्याला कागदाचा आधार नाही. या समाजाचा स्पष्ट लेखी उल्लेख अठराव्या शतकात एका मिशनऱ्याच्या पत्रात मिळतो. उतरंडीचा भक्त ही कथा 'दंतकथा' म्हणून बाजूला ठेवील. मात्र त्याच परंपरेतील 'शनिवार तेली' हे नाव पाहावे. शेजारच्या गावकऱ्यांनी दिलेले हे नाव दोन गोष्टी एका दमात सांगते : ही माणसे घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. कथेतील शतक सिद्ध होत नाही, पण समाजाचा व्यवसाय, त्याचा विश्रामवार आणि शेजाऱ्यांनी तो मान्य करून जातिव्यवस्थेत त्याला दिलेली जागा एवढे सर्व एका टोपणनावात टिकले आहे. जहाजफुटीच्या कथेशी चित्पावनांच्या उत्पत्तिकथेचे साम्य अनेकांनी दाखविले आहे. कोणी कोणाचे उसने घेतले हा वाद निष्फळ वाटतो. समुद्रातून येणे हे या किनाऱ्यावर प्रतिष्ठेचे कथानक होते, ही त्या साम्यातून मिळणारी माहिती अधिक उपयोगाची.

येथवरच्या विवेचनाचा सोयीस्कर अर्थ असा लावला जाईल की सर्वच संहिता, सर्वच कथन, मग खरे-खोटे कशाला? हेडन व्हाइट याचा 'मेटाहिस्टरी' हा ग्रंथ १९७३ मध्ये आल्यानंतर इतिहासाला कथनाचा प्रकार मानण्याची जी लाट आली, तिचे शिंतोडे मराठी समीक्षेवरही उडाले. व्हाइटचे विश्लेषण एकोणिसाव्या शतकातील मोठ्या इतिहासकारांच्या रचनातंत्राविषयी होते. ते हाती घेऊन मूळ पुराव्याचीच वासलात लावणे ही घाई आहे. थॉर्प मेला, 'डव्ह' धरले गेले, खांदेरी राहिली. या गोष्टी कोणत्याही कथनात बदलत नाहीत, आणि बदलणारे कथन असेल तर ते खोटे असते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि हस्तलिखितांची नासधूस झाली, तेव्हा निमित्त झालेल्या पुस्तकातील विधानाला पुरावा आहे काय, आणि कोणत्या प्रतीचा आहे, हा प्रश्न शांतपणे विचारण्याची जागाच समाजात उरली नव्हती. ज्याला सर्व साधने सारखीच संशयास्पद वाटतात आणि ज्याला एकच साधन पवित्र वाटते, ते दोघेही हा प्रश्न विचारू शकत नाहीत.

शां. वि. आवळसकर यांनी आंग्रेकालीन पत्रव्यवहार आणि अष्टागराचा इतिहास यांवर काम केले. त्यांच्या संग्रहांचा उपयोग झाला तो प्रामुख्याने आंग्रे घराण्याच्या वारसांची भांडणे आणि लढाया यांचा क्रम लावण्यापुरता. आठ आगरांच्या जगण्याचे शब्द, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, खाजणे, बांध, मिठागरे, यांना त्या कागदांत जी जागा आहे तिच्याकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष गेलेले दिसत नाही. सभासदाने मोजलेल्या जहाजांच्या जातींपैकी गलबत आणि मचवा हे शब्द येथील खाड्यांतून कालपरवापर्यंत बोलले जात होते. ती यादी, पद्मदुर्गाचे पत्र आणि खांदेरीवरील एखादे इंग्रजी पत्र ही तीन पाने एकाच तासाला विद्यार्थ्यांसमोर शेजारी शेजारी ठेवता येतात. त्यासाठी मराठी आणि इतिहास हे विभाग एका इमारतीत असले तरी पुरे.